वाटाघाटीत कोण बसतं?

चि. मृणाल हिस,


एम.ए.ला कामगार आणि औद्योगिक संबंध हा विषय घेतलास, हे ऐकून बरं वाटलं. माझा जन्म कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात गेला, तेव्हा एवढं सांगायचा हक्क मामाला आहे.

सुरुवातीला तुला संप आणि टाळेबंदीच वाचावीशी वाटेल. वाच, पण कुठलाही तंटा हाती घेतलास की आधी एवढंच पाहा : वाटाघाटीला कोण बसलं, आणि कोणाच्या वतीने?

मुंबईतला गिरणी संपच घे. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका स्थानिक क्षेत्रात एका उद्योगाची एकच प्रातिनिधिक संघटना, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. म्हणजे कामगार एकीकडे आणि करार करायचा अधिकार दुसरीकडे! तो कायदाच रद्द करा, ही संपाची एक मागणी होती. पगारवाढीचे आकडे तेवढे वाचलेस, तर हा संप इतका का चिघळला ते कळायचं नाही.

हाच प्रश्न कामगारांच्या बाजूलाही विचार. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, पगार बरा, पण तिथे दलितांना काम मिळत नसे. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, म्हणून बाकीच्यांना विटाळ वाटे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी साचेखातं दलितांना खुलं करा, ही मागणी लावून धरली, तेव्हा कुठे ती मागण्यांत आली. ‘कामगारांची एकजूट’ असं पुस्तकात दिसलं, की त्यातून कोण वगळलं गेलंय ते शोध.

आता पुस्तक मिटून एखाद्या एमआयडीसीत जा. पाळी सुटताना गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर उभी राहा. एकाच मशीनवर काम करणाऱ्या दोघांची पगारपत्रकं मागून बघ : एक कायम, दुसरा ठेकेदाराचा. मूळ वेतन, महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधीची कपात हे रकाने शेजारी ठेवून वाच. मग विचार, शेवटचा वेतन करार झाला तेव्हा ठेकेदाराच्या माणसाचं कोण बोललं? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळेल, कोणीच नाही.

मॅनेजरलाही भेट. तो खोटंच बोलणार असं धरून जाऊ नकोस. मालाची ऑर्डर, बँकेचं कर्ज, वरून येणारा दबाव हे त्याच्याकडूनच कळेल. पण त्याचं म्हणणं मांडायला वकील आहे, कारखान्याचं पर्सोनेल खातं आहे. ज्याचं म्हणणं कुठल्याच कागदावर नाही, त्याच्यापासून टिपणं काढायला लाग.

दिवाळीत येशील तेव्हा वही घेऊन ये. माझ्याकडे जुन्या मागणीपत्रांच्या नि करारांच्या प्रती आहेत. एकेक कलम कोणी मागितलं आणि कोणी सोडलं, ते बसून बघू.

तुझा,
मामा