करडांचे लाड

धाराशिव,
जून

चि. सोनूस,


आईविना राहिलेली महिन्याची जुळी करडं, एक पाट आणि एक बोकड, दादानं घरी आणल्याचं वहिनीनं कळवलं. दोघांना एकत्र ठेवलंत, हे फार चांगलं केलंत. शेळी कळपात राहणारी. एकटं करडू माणसांत कितीही रमलं तरी ओरडून ओरडून खंगतं.

तू त्यांना जीव लावशील, याची मला खात्री आहे. म्हणून पहिलंच सांगते: लाड भरवून करू नकोस, लक्ष ठेवून कर. घरची लाडकी करडं उपासानं सहसा जात नाहीत. भात, भाकरी, मूठ-मूठ दाणे खाऊन पोट गच्च होतं आणि जातात. शेळीच्या कोठीपोटात सूक्ष्म जिवाणू असतात, चारा पचवतात ते तेच. एकदम धान्य पडलं की तिथं आम्ल वाढतं आणि ते जिवाणूच मरतात. तुझ्या करडांचं कोठीपोट तर अजून घडतंय. पाहुण्यांनी कौतुकानं पोळी पुढे केली तरी हात जोडून नाही म्हण.

तीन महिन्यांची होईपर्यंत त्यांना दूध लागेल. दिवसभराचं दूध वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं धर. म्हणजे ५ किलोच्या करडाला अर्धा लिटर, तीन-चार वेळांत विभागून. दूध अंगाच्या उबेइतकं कोमट हवं. करडू चारी पायांवर उभं असावं, मान थोडी वर आणि बाटली आईच्या सडांच्या उंचीवर. मांडीवर उताणं घेऊन कधी पाजू नकोस. दूध श्वासनळीत उतरलं तर न्यूमोनिया होतो. बाटली आणि बूच रोज उकळून घे. बाटली संपली तरी करडू तोंड मारत राहील, पण माप सोडू नकोस.

पाला आत्तापासून समोर असू दे: शेवरी, बोर, बाभूळ. जुडी बांधून तोंडाच्या उंचीवर टांग. शेळी वरचं खुडून खाणारी. लेंड्या-मुतात पडलेला चारा खाल्ला की जंत आलेच. पावसाळ्यातला कोवळा, ओला चारा सुकवून आणि थोडाथोडा दे, नाहीतर पोट फुगतं. कुंपणाची कण्हेर, घाणेरी यांपासून त्यांना लांब ठेव. पाणी कमी मिळालेली कोवळी ज्वारीही नको, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. बसायची जागा कोरडी आणि जमिनीपासून थोडी उंच कर. गारठ्यापेक्षा ओल वाईट.

आता लक्ष ठेवणं म्हणजे काय, ते सांगते. शेळी दुखणं अंगावर काढते, दिसू देत नाही. दिसतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून रोज सकाळी दूध पाजण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघ. बाटली दिसताच धावत येतात का? कान ताठ आहेत का? लेंड्या सुट्या, गोल आहेत का, की शेपटीखाली चिकटलंय? पाला खाऊ लागल्यावर निवांत बसून रवंथ करतात का? डोळ्याची खालची पापणी ओढून बघ: आतून गुलाबी हवी, पांढुरकी दिसली तर जंतांची शंका घे. दर आठवड्याला वजन करून वहीत लिही. हगवण लागली, लेंड्यांत रक्त दिसलं किंवा ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नकोस. इतक्या लहान जिवातलं पाणी काही तासांत आटतं. पशुवैद्यकीय दवाखाना गाठ किंवा १९६२ ला फोन लाव. जंताचं औषधही डॉक्टरांनी वजन पाहून सांगितलेलंच दे. आंत्रविषाराची आणि तीन महिन्यांनंतर पीपीआरची लस कधी टोचायची, ते आजच विचारून ठेव.

बोकडाचा विचार आत्ताच करायला हवा. चार महिन्यांच्या आसपास तो वयात येऊ लागेल, तेव्हा पाटीपासून वेगळा बांधावा लागेल. खच्चीकरण करायचं असेल तर योग्य वय डॉक्टरांना विचार. फार लवकर केलं तर मूत्रनलिका अरुंद राहू शकते, आणि त्यावर धान्य चारलं की मुतखडा अडकतो. तो कुंथतोय पण लघवी होत नाही, असं दिसलं तर तासभरही थांबू नकोस.

शेळी नीट सांभाळली तर दहा-बारा वर्षं सहज जगते. तू शिकायला बाहेरगावी गेल्यावर त्यांचं कोण करील आणि बोकड विकायचा की नाही, हे दादा-वहिनीबरोबर बसून या आठवड्यातच ठरव. तो विकायचा नसेल तर आज स्पष्ट सांग. बाजारभाव वाढल्यावर सांगणं अवघड जातं. ज्याला आपण हातानं दूध पाजतो, त्याच्या पुढच्या आयुष्याचा शब्दही आपणच द्यायचा असतो. तू तो देशील आणि पाळशीलही, असा मला विश्वास आहे.

वहीतली वजनं मला दर महिन्याला कळव.

तुझी,
आत्या