वणवा आणि विवेक

पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग हा पर्जन्यछायेचा प्रदेश होय. शिरूर तालुक्यातील कारेगावच्या परिसरात शिमगा सरला की माळरानावरील गवत वाळून पिवळे पडते. ऊस तोडलेल्या शेतांत पाचट पसरलेले असते आणि वस्त्यांच्या कडेला कडब्याच्या गंजी उभ्या असतात. अशा दिवसांत कोणी निष्काळजीपणे टाकलेली विडी किंवा बांधालगत पेटविलेले पाचट वाऱ्याने भडकते आणि पाहता पाहता आग माळावर धावू लागते. त्या वेळी माळावरील कुटुंबापुढे कठीण प्रश्न उभा राहतो : घर राखण्यासाठी थांबावे, की घर सोडून निघावे?

घर सोडणे सोपे नसते. दावणीला जनावरे असतात, कणगीत वर्षाचे धान्य असते. परंतु थांबणे हेही प्रत्येक वेळी शौर्य ठरत नाही. म्हणून आधी आगीचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे.

वारा ज्वाळांना पुढच्या गवतावर वाकवितो. चढावर तर वरचे गवत ज्वाळांच्या अधिक जवळ येते. त्यामुळे वणवा उतारापेक्षा चढावर वेगाने धावतो. ज्वाळांचा स्पर्श होण्यापूर्वीच त्यांची धग माणसाला होरपळून टाकू शकते. ठिणग्या वाऱ्यावर उडून पाठीमागची गंजीही पेटवितात आणि धुरात ओळखीची वाटसुद्धा दिसेनाशी होते. ‘आग अजून दूर आहे’ हा अंदाज म्हणूनच फसवा असतो.

ज्या देशाला या प्रश्नाचा फार मोठा अनुभव आहे, तो ऑस्ट्रेलिया होय. १६ फेब्रुवारी १९८३ रोजी व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यांत वणव्यांनी ७५ माणसांचा बळी घेतला. त्यांतील कित्येकांना अगदी शेवटच्या क्षणी निघाल्यामुळे आगीने वाटेत किंवा उघड्यावर गाठले होते. यावरून तेथील लोकांना असा सल्ला देण्यात येऊ लागला की, पूर्ण तयारी करून घर राखावे, नाहीतर लवकर निघून जावे. ज्वाळांची लाट ओसरेपर्यंत भक्कम घर आसरा देते आणि नंतर ठिणग्या विझवून ते वाचविता येते, असा त्यामागील विचार होता.

अनेक वेळा तो विचार खरा ठरला. पण ७ फेब्रुवारी २००९ चा शनिवार निराळा होता. मेलबर्न शहरात तापमान ४६.४ अंशांवर गेले. उष्ण, कोरडा वारा सुटला आणि पुढे त्याने अचानक दिशा पालटली. तेव्हा आगीची लांबच लांब बाजूच तिची आघाडी होऊन पुढे सरकू लागली. व्हिक्टोरियात त्या वणव्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ११३ जणांना घरांतच मृत्यूने गाठले. दोन हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. चौकशी आयोगाने २०१० मध्ये सांगितले की, सर्वच वणवे सारखे नसतात. अत्यंत भीषण दिवशी लवकर निघून जाणे हेच सर्वांत सुरक्षित होय.

१९८३ मध्ये उशिरा निघणे घातक ठरले, तर २००९ मध्ये थांबणे अनेकांना भोवले. या दोन्ही घटनांचा बोध एकच आहे : निर्णय आग दाराशी येण्यापूर्वी झाला पाहिजे.

कारेगावच्या माळावर निलगिरीची घनदाट अरण्ये नाहीत. गवताची आग वेगाने येते, पण इंधन संपताच लवकर विझते. घराभोवती मोकळी जमीन, हाताशी पाणी आणि धडधाकट माणसे असतील, तर लहानशी आग थोपविता येते. तरीही मुले, वृद्ध आणि आजारी यांना धूर दिसताच गावात पोहोचवावे आणि ११२ किंवा १०१ या क्रमांकावर वर्दी द्यावी. जनावरांची दावी सोडावी. निघणाऱ्याने चढ चढू नये. उसात किंवा गवतात शिरू नये. वाऱ्याच्या दिशेला आडवे होऊन नांगरलेल्या रानाकडे जावे. आगीने गाठलेच, तर उघड्या जमिनीवर पालथे पडून लोकरीची घोंगडी पांघरावी. कारण लोकर सहजासहजी पेट घेत नाही. मागे राहिलेल्या वस्तूसाठी मात्र कोणीही परत फिरू नये.

वस्तीवरील एखादे आजोबा म्हणतील, “हे घर मी माझ्या हातांनी बांधले आहे. मी येथून हलणार नाही.” त्यांचे दुःख खरे आहे. नातवाने त्यांना नम्रपणे म्हणावे, “आजोबा, घर आपण पुन्हा बांधू, पण तुम्ही आमच्याबरोबर चला.” हा संवाद धुराच्या लोटात घडून उपयोग नाही. माघाच्या थंडीत, ओसरीवर सारे कुटुंब एकत्र बसले असताना तो व्हावा. त्याच दिवशी गंजी घरापासून दूर हलवावी, अंगणाभोवतीचे गवत कापावे, दावी कोणी सोडायची आणि सर्वांनी कोठे भेटायचे हे ठरवावे.

स्वाध्याय
१. वणवा चढावर वेगाने का धावतो?
२. १९८३ व २००९ च्या घटनांतून कोणता एकच बोध मिळतो?
३. आजोबांचे न हलण्याचे कारण सांगा. त्यांची समजूत तुम्ही कशी घालाल, ते पाच वाक्यांत लिहा.