ओळखक्रमांक आणि गणना : स्वयंवर्धी स्तंभाचा विचार

ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील वालखिल्य सूक्ते संख्येने अकरा आहेत. ती धरली तर ऋग्वेदाची एकूण सूक्तसंख्या १०२८ होते. वगळली तर १०१७. प्रचलित गणनेत ती ४९ ते ५९ या क्रमांकांवर येतात. ग्रिफिथच्या इंग्रजी अनुवादात मात्र ती परिशिष्टात गेली आणि मोकळे झालेले क्रमांक पुढील सूक्तांना मिळाले. त्यामुळे एका गणनेतील ८.६० हे सूक्त दुसरीत ८.४९ ठरते. संदर्भ अचूक असूनही अभ्यासक भलत्याच सूक्तापाशी पोचतो.

हस्तलिखितांच्या व ग्रंथांच्या सूची आता संगणकावरील रिलेशनल डेटाबेसमध्ये ठेवल्या जात असल्याने हाच प्रश्न तेथेही उद्‌भवतो. १९७० मध्ये ई. एफ. कॉड यांनी मांडलेल्या प्रतिमानानुसार तक्त्यातील ओळींना अंगभूत असा क्रम नसतो. नोंद ओळखावयाची ती तिच्यातील मूल्यांवरून. शीर्षक वा कर्त्याचे नाव यासाठी अपुरे पडते, म्हणून प्रत्येक नव्या नोंदीस आपोआप पुढचा अंक देणारा स्तंभ योजतात. या स्वयंवर्धी स्तंभाने अंकांची सलगता राखावी, अशी अपेक्षा सहज निर्माण होते. ती अपेक्षा चुकीची आहे.

समजा, दोन सहायक एकाच वेळी नोंदी करीत आहेत. एकाला ५०१ मिळाला, दुसऱ्याला ५०२. पहिल्याने आपली नोंद अर्ध्यावर रद्द केली, तर ५०१ रिकामा राहतो. हे टाळावयाचे तर पहिल्याचे काम संपेपर्यंत दुसऱ्यास खोळंबून राहावे लागेल. म्हणूनच पोस्टग्रेससारख्या प्रणालीत एकदा दिलेला अंक व्यवहार रद्द झाला तरी परत घेतला जात नाही.

खाडा हा दोष नव्हे. पुनर्वापर हा दोष होय. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या भागात ८.० आवृत्तीपूर्वी पुढचा अंक केवळ संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असे. शेवटची नोंद काढून टाकून यंत्रणा पुन्हा सुरू केली की तोच अंक नव्या नोंदीस मिळे. ८.० पासून तो अंक कायमस्वरूपी नोंदला जातो. एसक्यूलाइटमध्येही ‘ऑटोइन्क्रिमेंट’ असे स्पष्टपणे न सांगितल्यास शेवटच्या, काढून टाकलेल्या नोंदीचा अंक पुन्हा दिला जाऊ शकतो. अशा अंकाने एखाद्या प्रबंधात हस्तलिखिताचा निर्देश झाला असेल, तर तो निर्देश कोणत्याही सूचनेविना दुसऱ्याच हस्तलिखिताकडे वळतो.

तात्पर्य, ओळख आणि गणना यांचे स्तंभ वेगळे असावेत. नोंदी किती, हे मोजून काढावे. दाखल-नोंदवहीसाठी सलग अंक हवे असतील तर ते स्वतंत्रपणे, नोंद पक्की झाल्यावर द्यावेत. स्वयंवर्धी अंकाकडून एवढेच मागावे की तो एकदाच दिला जावा आणि पुन्हा कोणालाही मिळू नये. नोंद नाहीशी झाली तरी तिचा अंक रिता राहिला पाहिजे. संदर्भ शोधणाऱ्यास निदान ती तेथे नाही, एवढे तरी खरे उत्तर मिळते.