झाडावर चढायला दोर : एकेरी की दुहेरी?

बांधावरच्या झाडाची सावली पडली की उसाला फुटवे कमी येतात, म्हणून फांद्या छाटाव्या लागतात. पण नुसत्या हातापायांवर चढणे धोक्याचे. दोराच्या दोन पद्धती समजून घ्या.

दुहेरी दोर : दोर मजबूत बेचक्यातून टाकून एक टोक कमरपट्ट्याला बांधतात. दुसऱ्या पदरावर, वजन पडताच आवळणारी गाठ मारून तीही पट्ट्याला जोडतात. वजन दोन पदरांवर विभागते, ओढायला हलके जाते. मात्र दोन हात दोर ओढावा तेव्हा माणूस एक हात वर सरकतो, आणि दोर फांदीवर घासतो.

एकेरी दोर : दोर जागचा हलत नाही, माणूस त्यावरून चढतो. उंच, सरळ झाडाला ही पद्धत बरी. पण दोराचे टोक बुंध्याला बांधले तर बेचक्यावर सुमारे दुप्पट भार येतो. गडी ७० किलोचा, तर भार १४० किलो! उतरायला वेगळे साधन लागते. नुसत्या गाठीवर उतरू नये.

तात्पर्य : बांधावरच्या साध्या झाडाला दुहेरी दोर बरा. पद्धत कोणतीही असो, चढण्यापूर्वी दोघांनी जमिनीलगत दोराला लोंबकळून फांदी पारखावी. बैलाचा कासरा किंवा विहिरीचा जुना नाडा मुळीच वापरू नये. जवळून विजेची तार जात असेल तर चढूच नये, वीज कार्यालयाला कळवावे. आणि पद्धत जाणकाराकडून आधी जमिनीलगतच शिकावी. फांदी पुढच्या आठवड्यातही छाटता येते.

— ऊस विकास अधिकारी