साचा कोणाजवळ? : मर्यादित आवृत्तीच्या पुतळ्यांचे अर्थकारण

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आपण मागणीचा नियम शिकतो. इतर परिस्थिती कायम असता किंमत वाढली की मागणी घटते आणि किंमत उतरली की मागणी वाढते. हा नियम मी पाठ केला, परीक्षेत लिहिला, गुणही मिळवले. परंतु त्यातील ‘इतर परिस्थिती’ या दोन शब्दांत काय काय दडलेले असते, हे मला वर्गात नव्हे तर पेणच्या एका कारखान्यात उमगले. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

माझे वडील गणपतीच्या कारखान्यात काम करतात. महाविद्यालयाची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. चतुर्थीचा हंगाम सरला की कारखान्यात इतर कामे येतात. मागे एका व्यापाऱ्याने दिवाणखान्यात ठेवण्याजोग्या नर्तक गणेशाच्या शंभर मूर्ती करून घेतल्या. प्रत्येकीच्या तळाशी क्रमांक घातला, सोबत छापील प्रमाणपत्र दिले आणि ‘फक्त शंभर’ असे सांगून त्या चढ्या भावाने विकल्या. सहा-सात महिन्यांनी त्याच साच्यातून आणखी मूर्ती काढण्याचे काम आले. या खेपेस रंग थोडा निराळा होता.

त्याच सुमारास एक निवृत्त शिक्षक आपली मूर्ती घेऊन आले. तिचे बोट तुटले होते. फळीवर वाळत ठेवलेली तशाच मूर्तींची रांग त्यांनी पाहिली आणि बाबांना एवढेच विचारले, “अहो, साचा अजून आहे का?” बाबा म्हणाले, “आहे, गुरुजी.” गुरुजींनी बोट बसवून घेतले, पैसे दिले आणि ते निघून गेले. त्यांची मूर्ती फुटली नव्हती, तिचे रूपही बदलले नव्हते. मग त्या क्षणी तिच्यातले नेमके काय कमी झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

खर्चाची वाटणी

आवृत्ती लहान असली की किंमत जास्त का, याचे पहिले कारण अगदी साधे आहे. मूळ मूर्ती घडविणे आणि तिचा साचा करणे हा खर्च एकदाच येतो. समजा, तो साठ हजार रुपये आहे आणि पुढे प्रत्येक नगाला तीन हजार रुपये लागतात. वीसच नग काढले तर दर नगाचा खर्च ६,००० रुपये पडतो. दोनशे काढले तर तो ३,३०० रुपयांवर येतो. म्हणजे लहान आवृत्ती खरोखरच महाग पडते, त्यात लबाडी नाही. परंतु विसांपैकी एक मूर्ती १५,००० रुपयांना विकली, तर वरचे ९,००० रुपये माती, रंग वा मजुरीचे नव्हेत. त्यात कलावंताचे नाव, विक्रेत्याचा नफा आणि विरळपणाची किंमत अशा गोष्टी येतात.

विरळपणासाठी माणूस पैसे का मोजतो? थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ साली दाखवून दिले की काही खर्च प्रतिष्ठेच्या प्रदर्शनासाठीच केला जातो. हार्वे लायबेन्स्टाइन यांनी १९५० साली यात आणखी भेद केला. किंमत जास्त आहे म्हणूनच एखादी वस्तू हवीशी वाटणे हा एक प्रकार, आणि ती इतरांजवळ नाही म्हणून हवीशी वाटणे हा दुसरा. मर्यादित आवृत्तीत हे दोन्ही परिणाम एकत्र नांदतात. किंमत ग्राहकाला बोलावते आणि संख्या त्याला घाई करावयास लावते.

संख्या म्हणजे सर्वस्व नव्हे

तरीही केवळ थोडेपणाने मोल येत नाही. मी मातीचा एक बेढब बैल केला तर तो जगात एकमेव असेल, पण त्याला कोण विचारणार? पाश्चात्त्य शिल्पांच्या बाजारात याची चांगली उदाहरणे सापडतात. स्विस शिल्पकार आल्बेर्तो जियाकोमेत्ती यांच्या १९६१ सालच्या ‘चालणारा माणूस’ या ब्राँझ शिल्पाच्या सहा क्रमांकित प्रती निघाल्या. त्यांतील दुसरी प्रत फेब्रुवारी २०१० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ६ कोटी ५० लाख पौंडांना गेली. लिलावापूर्वीचा अंदाज १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख पौंडांचा होता. किती प्रती आहेत, हे अंदाज बांधतानाही ठाऊक होतेच. किंमत चढली ती बोली लावणाऱ्यांच्या चुरशीमुळे.

उलट एदगार देगा यांची ‘चौदा वर्षांची छोटी नर्तकी’ पाहा. मूळ मेणाची मूर्ती १८८१ साली प्रदर्शनात मांडली गेली. १९१७ साली देगा वारल्यानंतर वारसांच्या संमतीने तिच्या वीसहून अधिक ब्राँझ प्रती ओतल्या गेल्या. म्हणजे जियाकोमेत्तींच्या शिल्पापेक्षा कितीतरी जास्त. तरी २०२२ साली न्यूयॉर्कला एका प्रतीला ४ कोटी डॉलरांहून अधिक किंमत आली. यावरून दिसते की मागणी हा पाया आहे आणि थोडी संख्या ही त्यावरची माडी. पाया नसेल तर माडी कशावर उभी राहणार?

टिकाऊपणाची अडचण

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. रोनाल्ड कोज यांनी १९७२ साली टिकाऊ वस्तू आणि मक्तेदारी यांच्यावर एक छोटासा निबंध लिहिला. त्यांनी उदाहरण जमिनीचे घेतले असले तरी ते पुतळ्यालाही लागू पडते. टिकाऊ वस्तूचा एकटाच विक्रेता आधी चढ्या भावाने थोडा माल विकतो. तो विकून झाला की उरलेला माल कमी भावाने विकण्याचा मोह त्याला होतो. ग्राहक हे ओळखून असतो, म्हणून तो थांबतो आणि पहिला चढा भावही टिकत नाही. यातून सुटायचे तर विक्रेत्याने स्वतःचेच हात बांधून घेतले पाहिजेत. यापुढे अधिक माल विकणार नाही, असे त्याला लोकांना पटेल अशा रीतीने सांगता आले पाहिजे.

हे वाचताना मला आमच्या गणपतीचे वेगळेपण प्रथमच कळले. शाडूची मूर्ती विसर्जित होते. गेल्या वर्षीची मूर्ती यंदाच्या मूर्तीशी स्पर्धा करीत नाही, म्हणून कारखानदाराने एकाच साच्यातून दरवर्षी मूर्ती काढल्या तरी कोणाचे नुकसान होत नाही. ब्राँझ वा फायबरचा पुतळा मात्र राहतो. पुढे निघणारी प्रत्येक प्रत आधीच्या सर्व प्रतींची वाटेकरी होते.

म्हणूनच साचा फोडण्याला अर्थ आहे. कोपनहेगनच्या बिंग आणि ग्रँडाल या कारखान्याने १८९५ पासून नाताळच्या चिनी मातीच्या थाळ्या काढल्या आणि त्या त्या वर्षाचा साचा नष्ट करण्याची प्रथा ठेवली. फ्रान्सने तर हे काम नियमांनी केले. ओग्युस्त रोदँ यांच्या हयातीत ‘चुंबन’ या शिल्पाच्या निरनिराळ्या आकारांतील तीनशेहून अधिक प्रती एका ओतशाळेने काढल्या होत्या. रोदँ यांनी १९१६ साली आपली शिल्पे आणि त्यांच्या प्रती काढण्याचा हक्क फ्रेंच शासनाला दिला. पुढे फ्रान्समध्ये मूळ आवृत्तीची मर्यादा बारा प्रतींवर आली : आठ विक्रीसाठी क्रमांकित आणि चार कलावंताच्या. १९८१ च्या आदेशाने त्यापलीकडच्या नकलांवर ‘प्रतिकृती’ असा शब्द घालणे बंधनकारक केले. साचा शिल्लक असला तरी तो कोणी, किती वेळा वापरायचा, हे तेथे ठरलेले आहे.

ग्राहकाने काय विचारावे?

आज चित्रपट व चित्रकथांतील पात्रांचे रेझिनचे पुतळेही क्रमांक घालून, आगाऊ नोंदणीने विकले जातात. अशा वेळी ग्राहकाने चार प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पहिला, सांगितलेल्या संख्येत कलावंताच्या प्रती धरल्या आहेत का? दुसरा, तीच मूर्ती दुसऱ्या रंगात वा आकारात ‘नवी आवृत्ती’ म्हणून निघणार आहे का? तिसरा, साचा कोणाजवळ आहे आणि त्याचे पुढे काय होणार? आणि चौथा, पुढे ती कोणीही विकत घेतली नाही तरी मला ती घरात हवी आहे का? चौथ्याचे उत्तर ‘होय’ असेल तर पहिल्या तिन्हींत फसगत झाली तरी सारेच जात नाही.

गुरुजींच्या मूर्तीतून कमी झाला तो विश्वास. तळाशी कोरलेला क्रमांक हे एक वचन असते. किंमत त्या वचनाची असते आणि वचन साचा ज्याच्या हाती त्याचे असते.

मात्र एक गोष्ट मला अद्याप अस्वस्थ करते. बाबांना नगामागे मजुरी मिळते. साचा फुटला तर गुरुजींची मूर्ती मोलाची राहते, पण बाबांचे काम थांबते. वचन मोडले गेले तेव्हाच आमच्या घरी चार पैसे अधिक आले, आणि कदाचित त्यांतूनच माझे शुल्क भरले गेले असेल. फ्रान्समध्ये १९२० च्या कायद्याने पुनर्विक्रीच्या किमतीत कलावंताला वाटा दिला. साच्यात हात घालणाऱ्याचा वाटा मात्र मी वाचलेल्या पुस्तकांत मला कोठे दिसला नाही. संख्या कमी ठेवायची असेल तर नगामागची मजुरी वाढली पाहिजे. विरळपणाची सारी किंमत एकाच्या खिशात आणि त्याची झळ दुसऱ्याच्या चुलीला, हे काही बरे नव्हे.

हे सारे मी बाबांना समजावून सांगितले. कोज, व्हेब्लेन ही नावे त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, “गुरुजींनी विचारलं, तेव्हा ‘नाही’ म्हणता आलं असतं गं. पण मग ते बोट कुठल्या हातानं बसवलं असतं?”

मागणीच्या नियमातील ‘इतर परिस्थिती’त ही गोष्टही मोडते, असे मला आता वाटते.