सूर्यावरील डाग व वाढते उष्णतामान

गव्हाचा दाणा भरण्याच्या वेळी उष्णता वाढली की दाणा बारीक राहतो, हे शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक आहे. अशा वेळी चावडीवर प्रश्न निघतो की, ताप सूर्यामुळेच वाढला असेल, तर माणसाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर ग्रामसेवकास नीट देता आले पाहिजे.

पृथ्वीस मिळणारी ऊब सूर्याचीच आहे, यात शंका नाही. सूर्यबिंबावर काळे डाग दिसतात व त्यांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या आवर्तनाने कमी-अधिक होते. जर्मन निरीक्षक श्वाबे यांनी हे १८४३ च्या सुमारास निदर्शनास आणले. परंतु १९७८ पासून उपग्रहांच्या साहाय्याने जी मोजमापे झाली, त्यांवरून असे दिसते की, एका आवर्तनात सूर्याचे तेज हजारात सुमारे एका भागानेच बदलते. शिवाय त्या काळात ते एकंदरीत वाढलेले नाही. पृथ्वीचे उष्णतामान मात्र वाढत गेले आहे.

दुसराही पुरावा आहे. सूर्य अधिक तापला असता, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापत असून त्यावरील थर निवत आहे. घोंगडी पांघरली म्हणजे शेकोटी मोठी होत नाही. अंगाची ऊब तेवढी कोंडली जाते. कार्बन डाय-ऑक्साइड वायूचे कार्य असेच आहे. १७५० च्या सुमारास हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० भागांहून अधिक आहे. ही वाढ मुख्यतः दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्याने आणि जंगलतोडीने झाली आहे. म्हणजे घोंगडी माणसानेच जाड केली आहे.

कारण मनुष्यकृत असल्याने उपायही मनुष्याच्या हाती आहे. कोळसा व तेल यांचा मोठा प्रश्न एका गावाने सुटणार नाही. तथापि शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात :

(१) बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी, म्हणजे दाणा भरताना पीक उन्हाळ्याच्या तावडीत सापडत नाही.

(२) उसाचे पाचट न जाळता सरीत पसरावे. ओल टिकते व जमिनीस सेंद्रिय द्रव्य मिळते.

(३) नत्रखत माती तपासून, हप्त्याहप्त्याने द्यावे. जादा नत्रापासून निघणारा नायट्रस ऑक्साइड वायूही उष्णता कोंडतो आणि खताचा पैसाही वाया जातो.

सूर्यास दोष देऊन हात जोडून बसणे शेतकऱ्यास परवडणारे नाही.