मुका दिवा

जांब समर्थ,
ता. घनसावंगी, जि. जालना

चि. भाच्यास,


काल फोनवर तू म्हणालास, "मामा, ब्रेकचा तांबडा दिवा आपोआप बंद झाला, गाडी एकदम ओके." त्या 'ओके'नं माझी झोप उडाली. रामनवमीला काळीपिवळी भरून तू जांबला येणार. फोनवरचं विसरतोस, म्हणून कागदावर लिहितो.

दिवा लागत नाही याचे अर्थ दोन: ब्रेक ठीक आहे, नाहीतर दिवाच मेलाय. चालत्या गाडीत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून गाडी सपाटीवर लाव, चाकाला दगड दे आणि इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरव. बहुतेक गाड्यांत तांबडा दिवा तेव्हा लागतो. हँडब्रेक ओढल्यावर तर लागायलाच हवा. दोन्ही वेळा अंधार असेल, तर दिवा मुका झालाय.

आधी फ्यूज बघ. मग हँडब्रेकच्या बुडाशी छोटा स्विच असतो. जुन्या गाडीत त्याला एकच वायर येते. ती काढून, किल्ली चालू ठेवून, बॉडीच्या उघड्या लोखंडाला टेकव. दिवा लागला तर बल्ब नि वायर चांगली. स्विच गंजलाय किंवा त्याची अर्थिंग गेलीय. नाही लागला तर मीटर खोलून बल्ब बघ, मग वायर. नव्या, कॉम्प्युटरवाल्या गाडीत मात्र असली वायर जोडाजोडी करू नकोस. ती स्कॅनरवाल्याकडे ने.

हँडब्रेकनं दिवा लागला म्हणजे काम संपलं नाही. ब्रेक ऑइलच्या डबीत फ्लोट असतो. ऑइल उतरलं की तो खाली येतो आणि दिवा लागतो. गाळ साचला की तो वरच अडकतो. मग डबी रिकामी झाली तरी दिवा गप्प. फ्लोट टोपणाला असेल तर हँडब्रेक सोडून, किल्ली चालू ठेवून टोपण वर उचल. फ्लोट खाली लोंबला की दिवा लागला पाहिजे. ऑइल कमी दिसलं तर नुसतं ओतून मोकळा होऊ नकोस. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. ते उतरलं म्हणजे पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळतंय. चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवून बघ.

माझ्याच हातची चूक सांगतो. उमेदवारीच्या काळात एका गिऱ्हाइकाचा दिवा सारखा लागायचा. "तेवढा बंद कर," म्हणाला. मी फ्लोटच्या वायरीचा कपलर काढून ठेवला. त्यानं वर चहा पाजला. पंधरा दिवसांनी गाडी ओढून आणली. व्हील सिलिंडर गळून डबी कोरडी झाली होती आणि गाडी बाभळीला अडली म्हणून ओढ्यात गेली नव्हती. कुणाला लागलं नाही, पण तो चहा अजून घशाशी येतो.

१६०८च्या रामनवमीला आपल्या गावात जन्मलेला, पुढे समर्थ रामदास झालेला नारायण बोहल्यावर 'सावधान' ऐकून निघून गेला, असं सांगतात. तो शब्द मांडवातल्या सगळ्यांच्याच कानांवर पडला होता. मनावर घेतला त्या एकट्यानं. तुझ्या मीटरमधल्या दिव्यालाही तेवढा एकच शब्द येतो. तो रोज सकाळी एकदा म्हणतोय ना, हे बघितल्याशिवाय सीटा भरू नकोस.

जांबला पोचलास की आधी किल्ली माझ्या हातात दे. दर्शन नंतर.

तुझा,
मामा